जपानी स्वतंत्र ॲनिमेशन लघुपट : आस्वादाचे काही प्रश्न

(१)

एखाद्या कलाप्रकाराशी रसिकाची ओळख त्याच्या एकाच यशस्वी शाखेतून झाली, तर त्या प्रकाराविषयीची समजूत एकांगी राहते. जपानी ॲनिमेशनच्या बाबतीत महाराष्ट्रातील रसिकांचे असेच झाले आहे. नागपूरच्या नंदनवनसारख्या वस्तीतील एखाद्या विद्यार्थ्याला जपानी ॲनिमेशन म्हणजे काय असे विचारले, तर त्याला प्रथम ‘डोरेमॉन’ व ‘शिनचान’ या मालिका आठवतील. थोडा अधिक पाहिलेला विद्यार्थी मियाझाकी हायाओ यांच्या दीर्घ चित्रपटांचे नाव घेईल. या उत्तरात चूक काही नाही. परंतु ज्या देशाने या मालिका जगाला दिल्या, त्याच देशात एकेका कलावंताने, कधी एकट्याने तर कधी दोनचार साहाय्यकांसह, पाच-दहा-वीस मिनिटांचे जे लघुपट निर्माण केले, त्यांचा या उत्तरात मागमूसही नसतो. वास्तविक ॲनिमेशन या माध्यमाच्या शक्ती व मर्यादा यांचा सर्वांत कसून शोध या लघुपटांनीच घेतलेला आहे.

हे लघुपट आज पाहावयास मिळत नाहीत, अशी तक्रार पूर्वी करता आली असती. आता ती करता येत नाही. अडचण उपलब्धतेची कमी आणि दृष्टीची अधिक आहे. दीर्घ चित्रपटासाठी घडलेली कसोटी लघुपटाला लावली जाते, आणि मग तो ‘समजत नाही’, ‘त्यात गोष्टच नाही’, ‘चित्रे ओबडधोबड आहेत’ असे निर्णय दिले जातात. हे निर्णय ज्या गृहीतांवर उभे आहेत ती तपासणे आणि त्यांच्या जागी अधिक सयुक्तिक कसोटी सुचविणे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. या प्रश्नाचा संबंध केवळ जपानशी नाही. जी दृष्टी जपानी लघुपटाला न्याय देऊ शकत नाही, ती मुंबईत निर्माण झालेल्या अशाच लघुपटांनाही न्याय देऊ शकलेली नाही, हे पुढे दिसून येईल.

(२)

प्रथम ‘स्वतंत्र’ या विशेषणाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. ओफुजी नोबुरो (१९००–१९६१) हे या परंपरेचे आद्य पुरुष मानले जातात. चियोगामी नावाच्या नक्षीदार जपानी कागदाच्या आकृती कापून, त्या एकेका चौकटीगणिक हलवून त्यांनी १९२६ पासून चित्रपट केले. १९२७ सालचा आपलाच ‘कुजिरा’ (देवमासा) हा छायाचित्रपट त्यांनी १९५२ मध्ये रंगीत पारदर्शक कागद वापरून पुन्हा निर्माण केला, आणि त्याच पद्धतीने १९५६ मध्ये ‘युरेइसेन’ (भुताचे जहाज) हा लघुपट केला. त्यांच्या नावाचा ओफुजी पुरस्कार १९६२ सालापासून दिला जाऊ लागला व त्याचा पहिला मान तेझुका ओसामू यांच्या ‘आरु माचिकादो नो मोनोगातारी’ (एका रस्त्याच्या कोपऱ्याची कथा) या चित्रपटास मिळाला.

१९६० साली कुरी योजी, यानागिहारा र्योहेइ आणि मानाबे हिरोशी या तिघांनी ‘ॲनिमेशन सान्निन नो काइ’, म्हणजे ॲनिमेशनचे त्रिमंडळ, स्थापन केले. टोकियोच्या सोगेत्सु कलाकेंद्रात त्यांचे लघुपट दाखविले जात. १९६४ पासून तेथे इतरांच्याही कृतींना स्थान मिळून त्यास महोत्सवाचे रूप आले. हे तिघे मूळचे चित्रकार, व्यंगचित्रकार व बोधचित्रकार होते. चित्रपटनिर्मिती संस्थेच्या शिस्तीत ते वाढलेले नव्हते, ही गोष्ट त्यांच्या कृतींचे स्वरूप समजण्यास महत्त्वाची आहे.

परंतु स्वतंत्र म्हणजे बाजाराच्या सर्वस्वी बाहेरचा, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कुरी यांनी दूरचित्रवाणीच्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी वर्षानुवर्षे छोटी चित्रे पुरविली. बाहुलीपटांचे थोर कलावंत कावामोतो किहाचिरो (१९२५–२०१०) यांनी जाहिरातींसाठी आणि जपानी नभोवाणी-चित्रवाणी संस्थेच्या ‘सान्गोकुशी’ या १९८२ ते १९८४ मधील मालिकेसाठी बाहुल्या घडविल्या. तेझुका यांनी तर १९६३ मध्ये ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका सुरू करून धंदेवाईक ॲनिमेशनचा पायाच घातला आणि त्याच हाताने प्रायोगिक लघुपटही केले. म्हणजे उपजीविकेचे साधन कोणते, यावरून कृतीचे स्वातंत्र्य ठरत नाही. कृतीची शेवटची चौकट कशी असावी, ती केव्हा संपावी आणि तिच्यात काय नसावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तो कलावंत स्वतंत्र होय. पैशाचा उगम हा इतिहासकाराचा विषय आहे. निर्णयाचा उगम हा समीक्षकाचा.

(३)

आता कसोटीचा प्रश्न. मराठी समीक्षेला या ठिकाणी स्वतःच्याच इतिहासाची आठवण करून देणे उपयुक्त ठरेल. लघुकथा म्हणजे छोटी कादंबरी नव्हे, ही गोष्ट मराठीत सहजासहजी मान्य झाली नाही. नवकथेच्या काळात गंगाधर गाडगीळ प्रभृतींच्या कथांवर ‘यात घडते काय?’ हाच आक्षेप घेतला गेला होता. पुढे वाचकांच्या ध्यानी आले की, येथे घटना साधन आहे, साध्य नव्हे. आणि अनुभवाची घट्ट वीण हीच या प्रकाराची सिद्धी आहे. जी गोष्ट लघुकथेच्या बाबतीत आपण मिळविली, ती लघुपटाच्या बाबतीत पुन्हा गमवावी, याला कारण नाही.

येथे बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेले लयतत्त्व उपयोगी पडते. संवाद, विरोध आणि समतोल या तीन संबंधांनी कलाकृतीचे घटक एकत्र बांधले जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. साहित्याला हे तत्त्व कितपत लागू पडते याविषयी मतभेद झाले, व ते योग्यच होते. परंतु ॲनिमेशन ही अशी कला आहे की जिच्यात या तत्त्वाला जवळजवळ शब्दशः आधार सापडतो. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी असतात. दहा मिनिटांच्या लघुपटात चौदा हजार चारशे. सामान्य चित्रपटात कॅमेऱ्यापुढे वाहणारा काळ पकडला जातो. ॲनिमेशनमध्ये मुळात काळच नसतो, तो चौकटीचौकटीने रचावा लागतो. एका रेखाटनाने दोन चौकटी व्यापावयाच्या की चार, पापणी मिटण्यास किती रेखाटने द्यावयाची, एखादी आकृती किती वेळ निश्चल ठेवावयाची, असा प्रत्येक निर्णय हा लयीचा निर्णय असतो. म्हणून ‘चित्रे ओबडधोबड आहेत’ हा आक्षेप फारसा टिकत नाही. रेषेचे सौष्ठव एकेका चित्रात पाहावयाचे नसून दोन चित्रांमधील अंतरात पाहावयाचे असते.

कुरी योजी यांचा ‘आइ’ (प्रेम, १९६३) याचे उत्तम उदाहरण आहे. एक स्त्री एका पुरुषाचा पाठलाग करते, आणि ध्वनिपट्टीवर ‘आइ’ हा एकच शब्द पुनःपुन्हा, कधी याचनेने, कधी आज्ञेने, कधी किंचाळून उच्चारला जातो. ध्वनिरचना ताकेमित्सु तोरू यांची आहे. कथानक एवढेच. चित्रेही वहीच्या समासात काढल्यासारखी. परंतु एकाच शब्दाची पुनरावृत्ती (संवाद) आणि प्रत्येक उच्चारातील भावपालट (विरोध) यांच्या ताणावर संपूर्ण कृती तोलली गेली आहे, आणि शेवटी ‘प्रेम’ हा शब्दच संशयास्पद वाटू लागतो. कुरींच्या कृतींत हा पाठलागाचा साचा पुढे वारंवार येतो व स्त्रीला केवळ गिळंकृत करणारी शक्ती समजण्याचा एकसुरीपणाही त्यात शिरतो, हा दोष मान्य केला पाहिजे. परंतु तो दोष दृष्टिकोनाचा आहे. लयीवरील प्रभुत्वाचा नव्हे.

(४)

लयीच्या विचाराबरोबरच अचेतनात चैतन्य कसे येते, हा दुसरा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर कावामोतो यांच्या बाहुलीपटांत मिळते.

कावामोतो १९६३ मध्ये प्रागला जाऊन चेक कलावंत यिर्झी त्रन्का यांच्याकडे शिकले. तेथून परतल्यावर त्यांनी युरोपीय पद्धतीचे अनुकरण केले नाही. नो, क्योगेन आणि बुन्राकु या जपानी रंगप्रकारांकडे ते वळले. ‘हानाओरी’ (१९६८), ‘ओनी’ (१९७२), ‘दोजोजी’ (१९७६) व ‘काताकु’ (१९७९) हे त्यांचे प्रमुख लघुपट होत. यांतील ‘दोजोजी’ विशेष विचारात घेण्याजोगा आहे. कुमानोच्या यात्रेस निघालेला एक तरुण भिक्षू, त्याच्यावर अनुरक्त झालेली स्त्री, परत येण्याचे खोटे वचन देऊन त्याने केलेले पलायन, तिचा पाठलाग, नदी ओलांडताना तिचे सर्पिणीत झालेले रूपांतर, आणि दोजोजी मंदिरातील घंटेखाली लपलेल्या भिक्षूचे तिच्या क्रोधाग्नीत झालेले दहन. ही कथा जपानी प्रेक्षकास पूर्वीपासून ठाऊक असते. अर्थात पुढे काय होईल या उत्सुकतेला येथे वावच नाही. उरतो तो ‘कसे होते’ एवढाच प्रश्न, आणि तो कलेचा प्रश्न आहे.

चित्रपटात संवाद नाहीत. पार्श्वभूमी चित्रित गुंडाळीसारखी आडवी सरकत जाते; जपानी एमाकी, म्हणजे उजवीकडून डावीकडे उलगडत जाणाऱ्या चित्रगुंडाळ्या, यांची ती आठवण करून देते. बाहुलीच्या चेहऱ्यावरील मुद्रा बहुतांशी स्थिर आहे. तरीही त्या चेहऱ्यावर प्रथम लाज, मग विश्वास, मग अपमान आणि अखेर उन्माद दिसतो. नो नाट्यातील मुखवट्याचे हेच रहस्य आहे. मुखवटा किंचित वर उचलला की तो उजळतो, खाली झुकला की त्यावर सावली येते; भाव कोरलेला नसतो, तो कोनातून व प्रकाशातून उत्पन्न होतो. कावामोतो यांनी हे तत्त्व बाहुलीस लावले. परिणामी भाव प्रेक्षकास दाखविला जात नाही. प्रेक्षकाकडून तो बाहुलीस दिला जातो.

हा अनुभव नागपूरच्या रसिकास अगदीच अपरिचित असण्याचे कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नंदनवनापासून फार दूर नसलेल्या इतवारी-महाल भागातून काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही प्रथा चालत आली आहे. मारबतीच्या चेहऱ्यावरचा भाव एकच असतो; तिचे हातपाय हलत नाहीत. परंतु गर्दीच्या लाटेवर ती डोलू लागली, रोगराई व पीडा घेऊन जाण्याचे आवाहन चहूकडून उठू लागले, की बांबूकागदाच्या त्या देहात भय आणि करुणा दोन्ही प्रकटतात. आणि दहनाच्या क्षणी तर पाहणाऱ्याला क्षणभर अपराध्यासारखे वाटते. कला आणि विधी यांत भेद आहे, हे विसरून चालणार नाही: मारबतीचे चैतन्य समूहाच्या श्रद्धेतून येते, कावामोतोंच्या बाहुलीचे चौकटींच्या रचनेतून. तथापि निश्चल मुद्रेस पाहणाऱ्याने चैतन्य अर्पण करावे, ही क्रिया दोन्हीकडे एकच आहे. ज्याने मारबत पाहिली त्याला ‘दोजोजी’ पाहण्यासाठी नवे डोळे मिळवावे लागणार नाहीत. असलेलेच उघडावे लागतील.

(५)

तिसरा प्रश्न शब्द आणि चित्र यांच्या नात्याचा आहे. ॲनिमेशन ही दृश्यकला असल्याने तिच्यात शब्द उपरा असतो, असा एक समज आहे. यामामुरा कोजी (जन्म १९६४) यांचा ‘आतामायामा’ (डोक्याचा डोंगर, २००२) या समजास चोख उत्तर देतो. सुमारे दहा मिनिटांच्या या लघुपटासाठी यामामुरा यांनी सहा वर्षे खर्ची घातली व सुमारे दहा हजार रेखाटने केली. २००३ साली आनेसी येथील महोत्सवात त्यास सर्वोच्च पुरस्कार मिळाला व ऑस्करसाठीही त्याचे नामांकन झाले.

मूळ कथा राकुगोची, म्हणजे एका जागी बसून एकाच कथकाने रंगवावयाच्या विनोदी आख्यानाची आहे. एक कवडीचुंबक गृहस्थ चेरीची फळे बियांसह खातो, आणि त्याच्या डोक्यावर चेरीचे झाड उगवते. बहर आला की लोक त्याखाली मेजवान्या झोडू लागतात. त्रासून तो झाड उपटतो, तो डोक्यात खड्डा पडतो; खड्ड्यात पाणी साचते; लोक तेथे पोहू लागतात, मासे पकडू लागतात. अखेर तो स्वतःच्याच डोक्यावरील तळ्यात बुडून जीव देतो. ही शेवटची घटना शब्दांत सांगणे सोपे आहे, कारण शब्दाला जागेचे बंधन नसते. चित्राला ते असते. मनुष्य स्वतःच्या डोक्यात कसा बुडेल? यामामुरा या अशक्यतेपासून पळत नाहीत. तळ्यात वाकून पाहणारा मनुष्य, त्याच्या डोक्यावरील तळे, त्यात वाकून पाहणारा तोच मनुष्य, अशी अंतहीन मालिका ते उभी करतात. कथेतील विनोदी अतिशयोक्ती येथे एकाएकी भयाच्या पातळीवर जाते. सर्व काही जमवून ठेवणाऱ्या मनाला शेवटी स्वतःवाचून दुसरी जागा उरत नाही, हा अर्थ कोणी उच्चारून सांगत नाही. तो अवकाशाच्या रचनेतूनच प्रत्ययास येतो.

कथन कुनिमोतो ताकेहारू यांनी शामिसेनच्या साथीने, रोक्योकु या गायनमिश्रित आख्यानपद्धतीने केले आहे. कथा आधुनिक टोकियोत घडते आणि आवाज मात्र जुन्या आख्यानकाराचा, हा विरोध हेतुपूर्वक साधला आहे. कीर्तनातील आख्यान ज्याने ऐकले आहे, त्याला या पद्धतीचे मर्म लगेच कळेल. कथक कथेच्या आतही असतो व बाहेरही. तो पात्राचा टाहो फोडतो आणि दुसऱ्याच क्षणी त्या पात्राची थट्टा करतो.

महाराष्ट्रात तर याहून जवळचे उदाहरण आहे. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत चित्रकथीचे खेळ करीत आले आहेत. चित्रांच्या संचास ते पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढे धरून गायनवादनासह रामायण-महाभारतातील प्रसंग सांगितला जातो. चित्र स्थिर असते. परंतु पुढील चित्र केव्हा काढावयाचे, हे कथकाच्या हाती असते, आणि त्या विलंबात वा घाईतच नाट्य असते. एमाकीवरून ॲनिमेशनकडे येणारी वाट जपानी कलावंतांनी जाणीवपूर्वक शोधली. चित्रकथीवरून तशी वाट येथे निघू शकली असती. पिंगुळीच्याच कळसूत्री बाहुल्यांपासूनही निघू शकली असती. ओकामोतो तादानारी (१९३२–१९९०) यांच्या ‘ओकोन जोरूरी’ (१९८२) या बाहुलीपटात लोकखेळण्यांच्या धर्तीच्या कागदी लगद्याच्या बाहुल्या आणि जोरूरीचे गायन यांचा जो मेळ घातला आहे, तो पाहताना ही रुखरुख अधिकच जाणवते. जोरूरी गाऊन आजार बरे करणारी कोल्ही आणि थकलेली म्हातारी मांत्रिक यांच्या त्या कथेत गाणे हे अलंकार म्हणून येत नाही. ते औषध आहे, आणि प्रत्येक गाण्याबरोबर कोल्हीची शक्ती क्षीण होत जाते.

(६)

शब्दाचा अतिरेक मात्र घातकही ठरतो. कातो कुनिओ यांचा ‘त्सुमिकी नो इए’ (ठोकळ्यांचे घर, २००८) हा बारा मिनिटांचा लघुपट याच दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यास २००९ चा ऑस्कर पुरस्कार मिळाला. पाणी सतत चढत असलेल्या गावात एक वृद्ध आपल्या घरावर मजल्यामागून मजला चढवीत राहतो. एके दिवशी त्याचा पाइप खाली पाण्यात पडतो. तो काढण्यासाठी पाणबुड्याचा पोशाख घालून तो उतरतो, आणि प्रत्येक बुडालेल्या मजल्यावर त्याला आयुष्याचा एकेक मागील टप्पा भेटतो. स्मृती म्हणजे खाली उतरणे, ही कल्पना येथे वास्तुरचनेतच बसविली असल्याने वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. या कृतीची कथनासह आणि कथनाविना अशी दोन रूपे आहेत. दोन्ही पाहणाऱ्यास कळून येते की, कथनाने काहीही नवे दिलेले नाही. उलट प्रेक्षकाने स्वतः उतरावयाच्या पायऱ्या त्याला उचलून नेऊन ओलांडून दिल्या आहेत. ‘आतामायामा’त शब्द चित्राशी भांडतो म्हणून जिवंत राहतो, येथे तो चित्राची री ओढतो म्हणून निरुपयोगी होतो. स्वतंत्र लघुपटांचा गौरव करताना त्यांतील हळवेपणाकडेही डोळेझाक करता कामा नये.

हळवेपणाचा मोह सर्वांत अधिक जेथे होऊ शकला असता, तेथे तो टाळणारी कृती म्हणजे किनोशिता रेन्झो व सायोको या दांपत्याचा ‘पिका दोन’ (१९७८). हिरोशिमावरील अणुबॉम्बचा लखलखाट आणि स्फोटाचा आवाज यांवरून हे नाव आले आहे. दैनंदिन व्यवहारात गुंतलेली एक सकाळ व त्यानंतरचे काही क्षण, एवढाच या लघुपटाचा विस्तार. जेथे कॅमेरा नव्हता, आणि असता तर वितळला असता, तेथे रेखाटन पोहोचू शकते. ॲनिमेशन हे केवळ कल्पनारम्यतेचे माध्यम आहे, या समजुतीस याहून गंभीर उत्तर नाही. याच दांपत्याच्या पुढाकाराने १९८५ साली हिरोशिमा येथे आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन महोत्सव सुरू झाला. तो २०२० पर्यंत चालला. त्याच्या पहिल्याच वर्षी तेझुका यांच्या ‘ओन्बोरो फिल्म’ या लघुपटास सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

या परंपरेच्या सामूहिक रूपाचे दर्शन ‘फुयु नो हि’ (हिवाळ्याचे दिवस, २००३) या कृतीत घडते. बाशो व नागोयाचे कवी यांनी १६८४ साली रचलेल्या छत्तीस कडव्यांच्या साखळीकाव्यावर कावामोतो यांच्या मार्गदर्शनाखाली जपानसह अनेक देशांतील तिसाहून अधिक कलावंतांनी एकेक खंड रचला. प्रारंभ रशियाचे युरी नॉर्श्टाइन यांचा आहे. साखळीकाव्याचा नियम असा की, प्रत्येक कडवे आपल्या लगतच्या मागील कडव्याशी जोडलेले असावे, परंतु त्यामागील कडव्यापासून दूर सरकलेले असावे. जोडणे आणि सरकणे, म्हणजेच संवाद आणि विरोध, यांचा हा जणू काव्यशास्त्रीय पाठच आहे. प्रत्यक्ष कृती मात्र विषम उतरली आहे. काही खंड इतके स्वयंपूर्ण आहेत की ते साखळीत बसत नाहीत. काही केवळ कडव्याचे बोधचित्र होऊन राहतात. स्वतंत्र वृत्तीच्या कलावंतांनी एकमेकांच्या लयीचे बंधन कितपत पाळावे, हा प्रश्न ती कृती सोडवीत नाही. पण तो प्रामाणिकपणे उभा करते.

(७)

आता दृष्टी महाराष्ट्राकडे वळविली पाहिजे. आपल्याकडे अशी परंपरा नाहीच, असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान वस्तुस्थितीस धरून नाही. दादासाहेब फाळके यांनी रोपाच्या वाढीचे चित्रण ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून केले होते, आणि १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यांना हालचाल दिली होती. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभाग सुरू झाला आणि १९५७ मध्ये त्यातून ‘द बॅन्यन डीअर’ हा जातककथेवरील चित्रपट बाहेर पडला. राम मोहन (१९३१–२०१९) येथेच घडले; पुढे १९९२ च्या ‘रामायण’ या भारत-जपान चित्रपटाचे साको युगो यांच्यासह ते एक दिग्दर्शक होते. या दोन देशांच्या सहकार्याचे जे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, तेही अशा रीतीने दीर्घ चित्रपटाचेच आहे.

अधिक अर्थपूर्ण साम्य दुसरीकडे आहे. मूळचे ओडिशाचे व मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्य केलेले प्रमोद पती (१९३२–१९७५) हेही कावामोतोंप्रमाणेच प्रागला त्रन्का यांच्याकडे बाहुलीपट शिकले होते. एकाच गुरूचे हे दोन आशियाई शिष्य. एकाने परत येऊन नो व बुन्राकुचा आधार घेतला. दुसऱ्याने सरकारी प्रचारपटांच्या चौकटीत राहून कुटुंबनियोजनावर लघुपट केले, आणि त्याच चौकटीत ‘एक्सप्लोरर’ (१९६८), ‘ट्रिप’ (१९७०) व ‘अबिद’ (१९७२) यांसारख्या कृती निर्माण केल्या. ‘अबिद’मध्ये चित्रकार आबिद सुरती यांनाच बाहुलीप्रमाणे चौकटीचौकटीने हलविले आहे. बाहुलीत माणूस आणण्याऐवजी माणसाची बाहुली केली आहे, आणि त्यातून चित्रकाराची आपल्याच रंगांकडून होणारी ओढाताण प्रकट होते. ‘एक्सप्लोरर’मध्ये विजय राघव राव यांच्या ध्वनिरचनेवर नृत्य, प्रयोगशाळा, धार्मिक चिन्हे व यंत्रे यांच्या प्रतिमा इतक्या वेगाने आदळतात की एका तरुण देशाची अस्वस्थता अर्थाआधी नाडीतच जाणवते. शासकीय संस्थेत हे शक्य झाले, याचे बरेचसे श्रेय तेथील सल्लागार जाँ भावनगरी यांनी १९६० च्या दशकात दिलेल्या मोकळिकीस आहे. म्हणजे वर केलेली स्वातंत्र्याची व्याख्या येथेही लागू पडते: पैसा शासनाचा होता, निर्णय कलावंताचा.

या कृतींचे पुढे काय झाले? फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट अनेक दशके चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधी दाखविले जात. तो वेळ प्रेक्षकांनी खुर्ची शोधण्यात आणि शेंगदाणे सोलण्यात घालविला. जपानमध्ये त्रिमंडळाला सोगेत्सु कलाकेंद्र लाभले, म्हणजे पाहण्यासाठीच आलेला प्रेक्षक लाभला. पतींना लाखोंचे प्रेक्षागार मिळाले, पण पाहणारे डोळे फार थोडे मिळाले. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्या ॲनिमेशन लघुपटांचे सविस्तर रसग्रहण मराठीत अद्याप व्हावयाचे आहे.

तथापि ही वाट खुंटलेली नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) हा पंधरा मिनिटांचा लघुपट स्वतःच्या हाताने रंगवून पूर्ण केला व कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्यास तीन पारितोषिके मिळाली. शहरातील उंच इमारतीत मांजरासह राहणारी एकाकी वृद्धा आगपेट्यांवरील चित्रे जमविते आणि त्या चित्रांच्या रंगीत जगात शिरते. तिचे नित्याचे जग मात्र करडे आहे. रंग आणि करडेपणा यांचा हा विरोध शेवटपर्यंत तोलून धरला आहे, आणि कथन कोठेही नाही. ‘त्सुमिकी नो इए’ला जी वृद्धाची एकाकी स्मृतियात्रा दोन वर्षांनी जगभर मान मिळवून देणार होती, तिच्याच जातीचा हा अनुभव, परंतु येथे वृद्धा आपल्या भूतकाळात उतरत नाही, न जगलेल्या जगात चढते. फाळक्यांच्या आगकाड्यांपासून या आगपेटीपर्यंत नव्वद वर्षांचे अंतर आहे. या दोन टोकांमध्ये सरळ परंपरा आहे असा दावा करता येणार नाही. पण दोन्ही ठिकाणी खिशात मावणाऱ्या वस्तूतून जग उभे करण्याची ईर्ष्या एकच आहे, आणि लघुपट या प्रकाराचे मर्मही तेच आहे.

सारांश, जपानी स्वतंत्र लघुपटांचा आस्वाद घेताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कृतीची लांबी मोजण्याऐवजी तिची लय पाहावी; चित्राचे सौष्ठव पाहण्याऐवजी निश्चलतेतून चैतन्य कसे निर्माण केले आहे ते पाहावे; आणि शब्द चित्राला साथ देतो, झुंज देतो की केवळ त्याचा भार वाढवितो, याचा शोध घ्यावा. या दृष्टीने पाहू लागलेला विद्यार्थी टोकियोच्या कलावंतांना न्याय देईलच. परंतु खरा लाभ असा की, पिंगुळीची चित्रकथी, इतवारीची मारबत आणि चित्रपटगृहाच्या अंधारात कोणी न पाहिलेला ‘अबिद’ यांच्याकडेही तो त्याच डोळ्यांनी परत येईल.